जोतीचा डावा हात

“आक्का, तिसरा टाक,” जोती म्हणाला आणि मी गुडघ्यांमधला गिअरचा दांडा धरून वर लोटला. खट्‌ करून पडला. मागून भिकूनानांनी लगेच दाद दिली, “वा गं वा, अनुसया! भावाला घरी बसव आन्‌ तूच चालव आता.”

“चालवीन की,” मी म्हटलं, “पर मग तुमी टपावर बसायचं नाना.”

गाडीत हशा झाला. जोतीही हसला. मला आठवतंय, तो हसला तेव्हा त्याचं हसू मला अर्धंच दिसलं, पण मी म्हटलं थंडी आहे, ओठ फुटले असतील.

ज्यानं वडाप बघितलेलं नाही त्याला हे गिअरचं खोटं वाटेल. आमच्या पाटणकडच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या पठारावर, तेव्हा वाड्यांवरून खाली बाजाराला जायला वडापची जीप हाच काय तो आधार. बसतील तेवढी नव्हे, चिकटतील तेवढी माणसं घ्यायची. पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चौघं. मग गिअरचा दांडा जायचा शेजारच्याच्या मांड्यांत. ड्रायव्हरनं क्लच दाबायचा, आकडा सांगायचा, आणि शेजारी जो कोण बसला असेल त्यानं दांडा हलवायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सड्यावरची नवी सून भाकरीआधी गिअर शिकते, असं आमचं आम्हीच हसायचो. जोतीच्या गाडीत ती जागा माझी ठरलेली होती. मी त्याची थोरली बहीण, आई गेली तेव्हा हा रांगत होता, माझ्याच काखेत वाढला. पुढं माझा नवरा गेला आणि सासरच्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढलं, तेव्हा हाच जीप घेऊन दारात आला होता न्यायला. बाजाराच्या दिवशी मी शेंगा, अंडी, जे असेल ते घेऊन त्याच्या शेजारी बसायची.

त्या दिवशी माझ्या पायाशी पावट्याच्या शेंगांचं गाठोडं होतं. माझ्या पलीकडं शामल, तिच्या मांडीवर तिचं तान्हं, आणि दाराशी अर्धा बाहेर लोंबकळत तिचा नवरा मारुती. मागं भिकूनाना, मिलिटरीतून नुकतेच रिटायर होऊन आलेले सुभेदार मोरे, आणि बाकी सगळा बाजार.

जोतीची एक गोष्ट साऱ्या वडापवाल्यांत चेष्टेची होती. बाकीचे ड्रायव्हर कसे, एक कोपर खिडकीबाहेर, एका हाताची दोन बोटं स्टीअरिंगला लावलेली, दुसऱ्या हातानं तंबाखू. जोती मात्र दोन्ही हातांनी धरायचा, घड्याळात दहाचा आणि दोनचा आकडा असतो बरोबर तिथं. स्टीअरिंगला रंगीत वायर विणून घेतली होती त्यानं, ती त्याच दोन जागी झिजून काळी पडली होती. “जोती, गाडी चालवतोस का नांगर धरलायस?” म्हणून पोरं चिडवायची. तो म्हणायचा, “माझ्या मागं कुणाची तरी आय बसलेली असती, कुणाचं तरी पोर असतंय. हात सुटला तर मी कुणाला काय तोंड दाखवू?” गिअर कुणीही टाका, त्याला चालायचं. स्टीअरिंगला मात्र त्यानं मलासुद्धा कधी बोट लावू दिलं नव्हतं.

सकाळी निघताना चहाचा कप त्याच्या डाव्या हातातून सुटला आणि फुटला. मी ओरडले, “लक्ष कुठंय रं तुजं?” डोकं ठणकतंय म्हणाला. मग आज नको जाऊस म्हटलं, तर म्हणाला, बाजाराचा दिवस आहे, माणसं नाक्यावर उभी असतील. डोक्याला रुमाल गच्च आवळून बांधला आणि बसला गाडीत.

घाटाआधीच्या शेवटच्या वाडीत नळ आहे. तिथं रस्त्याच्या डाव्या कडेला कुणीतरी भरलेला हंडा ठेवला होता. जोतीनं गाडी सरळ त्या हंड्यावर घातली. धडाम्‌ करून हंडा उडाला आणि नळावरची बाई आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत धावली.

“आरं, हंडा दिसला न्हाई का तुला?” मी म्हटलं.

“कसला हंडा?” जोती म्हणाला, आणि उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघू लागला.

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

मग घाटाचं तोंड आलं. आमचा घाट उतरताना डाव्या हाताला दरी आणि उजव्या हाताला डोंगर. रस्ता जेमतेम, कडेला चुना फासलेले दगड. इथं सगळे ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर येतात, म्हणजे उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवतं.

“आक्का, दुसरा,” जोती म्हणाला.

मी दांडा ओढला. तिसऱ्यातून तो सुटला, पण दुसऱ्यात जाईना. कर्रर्र करून खालून ओरडायला लागला.

“क्लच दाब की रं.”

“दाबलाय की.”

“न्हाई दाबला. दातं खातंय बघ ते.”

“आक्का, मला नको शिकवूस. दाबलाय. तू टाक.”

तेव्हा मी खाली बघितलं. त्याचा डावा पाय क्लचपासून लांब, झोपलेल्या माणसाचा पडतो तसा आडवा पडला होता. चप्पल निघून बाजूला गेली होती. मी पुन्हा जोर लावला, पुन्हा कर्रर्र. दांडा ना तिसऱ्यात, ना दुसऱ्यात. गाडी मोकळी सुटली आणि उतार लागला.

जोतीनं ब्रेक दाबला. उजवा पाय त्याचा शाबूत होता. गाडी जरा आवरली. पहिलं वळण त्यानं घेतलं आणि त्याच वेळी त्याचा डावा हात स्टीअरिंगवरून घसरत घसरत माझ्या मांडीवर येऊन पडला, ओल्या पोत्यासारखा. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मी त्याच्या डाव्या अंगाला बसलेली, मागच्या कुणाला दिसत नव्हतं ते मला दिसलं. अर्धा ओठ खाली ओघळलेला, त्यातून लाळ गळत होती. 

“जोती, डावा हात स्टीअरिंगवर घे.”

“स्टीअरिंगवरच हाय.”

“आरं माझ्या मांडीवर पडलाय तो!”

“खुळी का काय तू?” त्याची जीभ जड लागत होती. “दोन्ही हातांनी धरलंय. बघ की.” आणि माझ्याकडं बघायला म्हणून त्यानं मान वळवली, ती उजवीकडं. खिडकीबाहेरच्या डोंगराकडं बघत तो म्हणाला, “आक्का? कुठं बसलीयस तू?”

देवाशपथ सांगते, नवऱ्याला सरणावर ठेवला तेव्हासुद्धा मी एवढी भ्याले नव्हते.

गाडी डावीकडं सरकत होती. हळूहळू, कुणी ओढत न्यावी तशी दरीच्या अंगाला. जोती समोर बघत होता, डोळे उघडे होते, पण त्याला ती कड दिसतच नव्हती. पुढचं चाक चुन्याच्या दगडावर चढलं, दगड उलटला आणि खाली गेला. खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही. शामल किंचाळली.

मी काही विचार केला नाही. समोर स्टीअरिंग होतं, त्यावर डाव्या अंगाची ती झिजलेली काळी जागा रिकामी होती, तिथं मी हात घातला आणि वर लोटला. गाडी झोकांडी खाऊन उजवीकडं आली. डोंगराला घासणार म्हणून मी हात खाली ओढला, तशी ती डावीकडं वळली. असं वर लोटलं की उजवीकडं, खाली ओढलं की डावीकडं. त्या एका मिनिटात जे शिकले तेवढंच मला अजून गाडी चालवायचं माहीत आहे.

“हं, आत्ता कसं!” जोती खूश होऊन म्हणाला. “दोन्ही हात असलं म्हंजे गाडी ऐकती बघ.”

नवरा गेल्यावर जोतीनंच हट्टानं परत भरायला लावलेल्या माझ्या बांगड्या स्टीअरिंगवर खुळखुळ वाजत होत्या आणि तो त्या हाताला आपला हात समजत होता. मला रडू फुटलं. पण रडायला वेळ कुठला!

“आक्के, काय झालंय दादांना?” शामल पोराला छातीशी आवळून पुटपुटली.

“गप. ओरडू नको बाई. दचकला तर मेलो सगळी.”

मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “जोती, गाडी थांबिव बाबा जरा.”

“घाटात? उतारावर थांबवायची नसती आक्का. हँडब्रेक नावालाच हाय.”

“माझ्या पोटात कळ आलीय रं.”

“कळ काढ जरा. वाघजाईला थांबायचंच हाय, तितं उतर.”

वाघजाई! मला हे आधी कसं सुचलं नाही? घाटाच्या मध्यावर वळणाला वाघजाईचं देऊळ आहे. तिथं थांबल्याशिवाय आमच्याकडचा एकही ड्रायव्हर पुढं जात नाही. घरात मयत झालेलं असो, गाडीत बाळंतीण असो, वाघजाईच्या समोर गाडी उभी करायची, हात जोडायचे, अंगारा बोनेटला लावायचा आणि मग उरलेला घाट उतरायचा. जोती तर पक्का. इतक्या वर्षांत त्यानं वाघजाई चुकवली असं झालं नव्हतं. म्हणजे देवळापर्यंत ही गाडी रस्त्यावर ठेवली की झालं. तिथं तो आपणहून ब्रेक दाबणार. मी मनातल्या मनात म्हटलं, आई, तेवढं तिथवर ने गं, तुझ्या पायरीवर डोकं आपटीन.

मग मी एका हाताला दुसरा हात लावला. गाठोड्यावर गुडघा रोवून अर्धी उठले आणि जोतीच्या खांद्याला खांदा लावून स्टीअरिंग धरलं. उजवीकडं त्याचा हात, डावीकडं माझे दोन. वळण आलं की त्याचा हात सवयीनं बरोबर फिरायचा. त्याची अक्कल जागच्या जागी होती, फक्त डावीकडची बाजू म्हणून काही असते हेच तो विसरला होता. उजवीकडं वळताना गाडी नीट वळायची, डावीकडचं वळण आलं की तो तसाच सरळ निघायचा, आणि मला सगळा जीव लावून स्टीअरिंग खाली ओढावं लागायचं.

मागं कुजबूज सुरू झाली. त्याचं बोलणं अडखळत होतं, गाडी नागमोडी चालली होती. सुभेदारांनी नको तेच अनुमान काढलं.

“ए ड्रायव्हर! सकाळी सकाळी टाकून आलास काय?”

“सुभेदार, तोंड सांभाळा,” जोती म्हणाला, पण ते ‘थोंड थांभाळा’ असं काहीतरी निघालं.

“ऐका, ऐका कसा बोलतोय! बायापोरं भरून आणि हा पिऊन चालवतोय!”

“तो पीत न्हाई वो!” मी ओरडले. “त्याला बरं न्हाई. गप बसा देवासाठी.”

माझं कोण ऐकतं! माणसं घाबरली की त्यांना शिव्या द्यायला कुणीतरी लागतं. कुणी म्हणालं थोबाड फोडा, कुणी म्हणालं उड्या टाका. उड्या कुठं टाकणार, एका अंगाला कडा आणि एका अंगाला दरी. जोतीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. प्यायलाय म्हणून त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. मला त्याचे डोळे पुसायचे होते, पण हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात मला पिंपळ दिसला. पिंपळाखाली देवळाचा कळस, भगवं निशाण.

“जोती, वाघजाई आली बघ,” मी म्हटलं. “थांब आता.”

“व्हय, थांबतो की,” तो म्हणाला.

देऊळ जवळ आलं. पायऱ्या दिसायला लागल्या. दारातला गुरव आमची गाडी बघून अंगाऱ्याची वाटी घेऊन उठला. मी जोतीच्या पायाकडं बघत होते. आता दाबेल, आता दाबेल. पाय ब्रेकवर नुसता टेकलेला. देऊळ माझ्या खांद्याशेजारून सरकलं. गुरव वाटी घेऊन उभा राहिला तो उभाच राहिला. आणि जोती समोर बघत, शांतपणे, वाघजाईला मागं टाकून पुढं निघून गेला.

देऊळ डाव्या हाताला होतं. ते त्याला दिसलंच नाही.

शिव्या देणारेसुद्धा गप झाले. पिऊन चालवणारे ड्रायव्हर आमच्या लोकांनी पुष्कळ बघितले होते, पण वाघजाईला न थांबणारा कुणी बघितला नव्हता. मागं एक म्हातारी रडायला लागली, “आईनं पाठ फिरवली गं बाई, आता न्हाई आपण वाचत.” मलाही तेच वाटलं. माझा सगळा धीर त्या देवळापाशी बांधलेला होता, आणि देऊळ गेलं होतं.

त्या शांततेत सुभेदार उठले. “बाजूला हो!” म्हणून त्यांनी मागून जोतीच्या खांद्यावरून हात घातला आणि स्टीअरिंग पकडायला गेले. जोती चवताळला. त्याच्या स्टीअरिंगला कुणी हात लावला होता! त्यानं उजवा हात स्टीअरिंगवरून काढला आणि सुभेदारांचा हात झटकायला लागला. आता स्टीअरिंगवर फक्त मी. खड्डा लागला, चाक उसळलं आणि स्टीअरिंग माझ्या हातातून हिसडा मारून फिरलं. गाडी दरीकडं तोंड करून निघाली. समोर रस्ता नव्हताच, नुसतं पांढरं आभाळ होतं. मी दोन्ही हात घालून वर लोटलं, दात-ओठ खाऊन लोटलं, माझ्या मनगटातल्या बांगड्या फुटून रक्त आलं, आणि पुढचं चाक कडेवरून कसंबसं रस्त्यावर आलं.

“सोडा त्याला! सोडा!” भिकूनानांनी सुभेदारांना कमरेला धरून मागं ओढलं. “गाडी त्या बाईच्या हातात हाय वो! पुढं बघा की जरा!”

तेव्हा सगळ्यांनी बघितलं. सुभेदारांचा हात हवेतच राहिला.

“आरं देवा,” ते म्हणाले आणि मट्‌कन खाली बसले.

जोतीनं उजवा हात पुन्हा जागेवर ठेवला. त्याला दम लागला होता. “आक्का,” तो म्हणाला, “ब्रेक मऊ लागतोय. लई दाबला आज.”

खरंच करपल्याचा वास यायला लागला होता. भिकूनानांनी मागून माझ्या कानाशी तोंड आणलं. “अनुसया, म्होरं उजव्या हाताला मुरमाची खाण हाय. तितं घाल गाडी. त्याच्या खाली उभा उतार, मग काय खरं न्हाई.”

“ब्रेक त्याच्या पायाखाली हाय नाना. मी कशी थांबवू?”

मी जोतीला पुन्हा म्हटलं, हात जोडते थांब. तो म्हणाला, उतारावर थांबायचं नसतं, तुला कितींदा सांगू. शामल म्हणाली, दादा माझ्या पोरासाठी थांबा. त्याला तिचं बोलणं कुठून येतंय तेच कळेना. रस्ता खाली खाली चालला होता. मला तेव्हा स्पष्ट कळलं, आता आपण मरणार. मरणाचं एवढं नव्हतं. पण ज्याला अंगाखांद्यावर वाढवला त्याच्या नावानं सगळी वाडी तळतळाट करणार, पिऊन एवढी माणसं मारली म्हणणार, ते मला सहन होईना.

आणि मग जोतीच बोलला. जड, थकलेल्या आवाजात.

“आक्का, वाघजाई का येईना गं अजून? लई वेळ झाला.”

पुढं वळणापलीकडं मुरमाची खाण दिसत होती, डोंगर खणून केलेली मोकळी लाल जागा, उजव्या हाताला.

“आली की रं,” मी म्हटलं. “ही काय, आलीच.”

“कुठं?”

“उजव्या हाताला. बघ.”

त्यानं उजवीकडं बघितलं. “कळस दिसंना.”

“झाडाआड हाय. गुरव उभा हाय अंगारा घेऊन. तू थांबणार न्हाईस होय आईला?”

त्यानं पुन्हा उजवीकडं निरखून बघितलं. वाघजाई डाव्या हाताला असते हे त्याला आठवलं की काय, असं मला वाटलं.

“तू म्हणतीयस तर असंल,” जोती म्हणाला, आणि त्यानं ब्रेक दाबला.

पायात होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. मी स्टीअरिंग वर लोटलं, मागून भिकूनानांनीही हात घातला, आणि गाडी सगळा रस्ता ओलांडून मुरमाच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. समोरून वर येणारी गाडी त्या वेळी कशी नव्हती, हे त्या आईलाच माहीत.

“पाय उचलू नको जोती. तसाच ठेव, तसाच!”

मारुती उडी टाकून खाली उतरलाच होता. माणसं भराभरा उतरली, हाताला लागेल तो दगड चाकांखाली ढकलायला लागली. पोरं, बाया, म्हातारी, सगळी लाल मुरमात बसून रडत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. जोतीला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं स्टीअरिंग सोडलं आणि हात जोडायला उजवा हात छातीशी आणला. एकच तळहात, उभा धरलेला. शेजारी दुसरा नाही.

“आई, सगळी माणसं सुखरूप पोचव,” तो म्हणाला. मग मला विचारलं, “उतरली का गं सगळी दर्शनाला?”

“उतरली,” मी म्हटलं.

“मग ठीक,” म्हणाला, आणि कलंडला तो माझ्याच खांद्यावर.

ब्रेक जरा निवल्यावर पुढं जीप सुभेदारांनी पहिल्या गिअरवर हळूहळू खाली उतरवली. मिलिटरीत त्यांनी ट्रक हाकले होते. जोतीला मागच्या बाकावर माझ्या मांडीवर घेतला, आणि पाटण ओलांडून थेट कऱ्हाडच्या दवाखान्यात. सुभेदार वाटेत एकदाच बोलले. “बाई, मला माफ करा,” म्हणाले. तेव्हा माझ्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण तिनं मला बाकड्यावर बसवून नीट समजावलं. मेंदूच्या उजव्या भागात रक्तस्राव झाला होता, बहुधा पहाटेपासूनच. त्यानं शरीराची डावी बाजू गेली.

“ते मला दिसलं वो,” मी म्हटलं. “पर तो ऐकंनाच. हात माझ्या मांडीवर, आन्‌ हा म्हणतोय स्टीअरिंगवर हाय. एवढा हट्ट कशाचा?”

“तो हट्ट नव्हता मावशी,” ती म्हणाली. “काही माणसांना असं होतं. नुसता हात लुळा पडत नाही, आपल्याला तो हात आहे हेच मेंदू विसरतो. डावीकडचं काही त्यांना दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. तुमच्या भावाला खरोखर वाटत होतं, दोन्ही हात स्टीअरिंगवर आहेत.”

“वाचंल का?”

तिनं माझा हात धरला. “घरच्यांना बोलावून घ्या,” म्हणाली.

त्याची बायको वैशाली सड्यावरून निघाली होती. ती पोचेपर्यंत मी एकटीच त्याच्यापाशी. मी त्याच्या उजव्या अंगाला स्टूल घेतलं, म्हणजे त्याला दिसेन. दिसले. अर्ध्या तोंडानं हसला.

“सगळी पोचली का गं?”

“पोचली. शामलचं पोर दूध पिऊन झोपलं.”

“सुभेदार म्हणत होता प्यायलोय.”

“आता न्हाई म्हणत. तूच सगळ्यांना वाचवलंस म्हणतोय.”

“मग?” त्याला बरं वाटलं. “शेवटपतोर दोन्ही हात सोडलं न्हाईत मी. तू बघितलंस.”

“बघितलं रं. न्हाई सोडलंस.”

नर्सनं त्याचा डावा हात उचलून छातीवर ठेवला होता. त्यानं उजव्या हातानं चाचपडत तो शोधला, मनगट धरून बघितलं, एकेक बोट दाबून बघितलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आक्का,” तो म्हणाला, “तुझा हात काढ की माझ्या अंगावरनं. लई जड झालाय.”

माझे दोन्ही हात माझ्या पदरात होते. मी उठले, पलंगाला वळसा घालून त्याच्या डाव्या अंगाला गेले, जिथं मी त्याला दिसत नव्हते. त्याचा हात त्याच्या छातीवरून अलगद उचलला आणि माझ्या दोन्ही हातांत घेतला.

“काढला बघ,” मी म्हटलं.

“हां. आता हलकं वाटतंय,” जोती म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत तो गेला, तेव्हाही तो हात मी धरूनच बसले होते.